बाल्कनीतल्या लिंबाला फुलं येतात आणि सगळी गळून जातात, काय चुकतंय?

सातवा_मजला (१४ मार्च)

नमस्कार सगळ्यांना. पुण्यात वाकडला सातव्या मजल्यावर राहते, बाल्कनी पश्चिमेला आहे, दुपारी साडेबारापासून सूर्य मावळेपर्यंत चांगलं कडक ऊन येतं. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून कागदी लिंबाचं झाड आणलं, कलम आहे असं सांगितलं होतं, तेव्हा दीड फूट होतं आता साडेतीन फूट आहे. १४ इंची प्लास्टिकची कुंडी. आणलं तेव्हा पिशवी काढून मातीसकट तसंच कुंडीत ठेवलं आणि बाजूनी कोकोपीट + गांडूळखत भरलं.

प्रॉब्लेम असा की आत्तापर्यंत तीनदा फुलं आली, मागच्या महिन्यात तर इतकी की संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडलं की हॉलमध्ये वास यायचा, आणि पंधरा दिवसांत सगळी खाली. एक-दोन ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी धरलं होतं तेही पिवळं पडून गळलं. शिवाय नवीन पानं पिवळट येताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा. जुन्या पानांची टोकं करपल्यासारखी तपकिरी झालीत.

पाणी रोज सकाळी एक मोठा तांब्या. खालच्या शेजाऱ्यांकडं पाणी टपकू नये म्हणून कुंडीखाली ट्रे आहे. खत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. निंबोळी तेल दोनदा मारलंय कारण पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा होत्या.

हे झाड मला फार जपायचंय. आई आता आमच्याकडं राहायला आलीये, तिचं सगळं आयुष्य गावाकडं गेलं, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं लिंबाचं झाड होतं घरामागं, कुणी कधी खत घातलं नाही का औषध मारलं नाही आणि वर्षभर गल्लीला लिंबं पुरायची. ती रोज सकाळी या झाडापाशी खुर्ची टाकून बसते आणि गळलेली फुलं वेचून वाटीत ठेवते. मला ते बघवत नाही. कुणीतरी नीट सांगा प्लीज.

अंगणवेल (१४ मार्च)

ताई आंबट ताक घाला, एक वाटी ताक दहा वाट्या पाण्यात, आठवड्यातून एकदा. माझ्या मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला लगेच फरक पडला. आणि फुलं असताना गुळाचं पाणी फवारलं की मधमाशा येतात, सातव्या मजल्यावर मधमाशा पोचत नसतील म्हणूनच फळ धरत नसेल.

लिंबोणी_श्रीगोंदा (१५ मार्च)

ताई, आमची श्रीगोंद्याकडं लिंबाची बाग आहे, वडिलांनी लावलेली, मी आता नोकरीसाठी पिंपरीत असतो आणि टेरेसवर ड्रममध्ये चार झाडं केलीत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मधमाशीचा प्रश्न नाही. लिंबाला दुसऱ्या झाडाचे परागकण लागत नाहीत, एकटं झाड फळ देतं. अंगणवेल ताईंचं ताक कढीपत्त्याला चालतं हे खरंय, पण इथं ताक घालून भागणार नाही असं मला वाटतं आणि कुंडी आधीच ओली राहत असेल तर वास आणि बुरशी येईल.

दुसरं, लिंबाची बरीचशी फुलं गळणारच, बागेतही गळतात. शंभरातली चार-पाच टिकली तरी झाड लगडतं. त्यामुळं गळली म्हणून घाबरू नका, पण एकही टिकत नाही म्हणजे कारण आहे. एक करा, आत्ता एखादं फूल उरलं असेल तर पाकळ्या बाजूला करून मध्ये बघा. पिवळ्या पुंकेसरांच्या मधोमध हिरवी गोल गाठ आणि तिच्यावर छोटा दांडा दिसला पाहिजे, तेच पुढं लिंबू होतं. लिंबाच्या झाडाला काही फुलं नुसती नर येतात, त्यांच्यात ती गाठच नसते किंवा टाचणीच्या टोकाएवढी वाळलेली असते. झाड उपाशी किंवा त्रासात असलं की अशी फुलं जास्त येतात. म्हणजे वास भरपूर, फळ शून्य.

तिसरं आणि माझ्या मते मुख्य. तुम्ही पाणी कुठलं घालता? कुंडीच्या कडेला, मातीवर पांढरा थर दिसतो का? नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या ही लोह कमी पडल्याची खूण आहे, आणि बहुतेक वेळा मातीत लोह असतं पण पाणी खारं-जड असलं की मुळांना ते उचलता येत नाही. आणि टोकं करपणं हे तर क्षाराचंच. लिंबूवर्गीय झाडं क्षाराला फार नाजूक, आमच्याकडं विहिरीचं पाणी उतरलं की उन्हाळ्यात बागेत हेच दिसतं.

चौथं, ती पिशवीतली माती. नर्सरीत बहुतेक लाल किंवा काळी चिकट माती असते, तिची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, घट्ट झालेली असते. तुम्ही बाजूनी कोकोपीट भरलंत, पाणी नेहमी मोकळ्या बाजूनी निघून जातं. बाजूचं कोकोपीट गच्च ओलं आणि मधली हुंडी विटेसारखी कोरडी, आणि झाडाची जुनी मुळं सगळी त्या विटेत. वरून बोट घातलं की ओलं लागतं म्हणून आपल्याला कळत नाही. एक लांब लोखंडी सळई किंवा विणकामाची सुई घ्या आणि खोडापासून चार बोटं अंतरावर हळू खुपसून बघा. सहज गेली तर ठीक, अडली तर तिथंच दुखणं आहे.

ट्रेत पाणी साचून राहतं का तेही सांगा. आणि खोडाच्या खालच्या भागाचा फोटो टाका, कलमाचा जोड दिसेल असा.

सातवा_मजला (१६ मार्च)

दादा इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सगळं तपासलं आज रविवार होता म्हणून.

पाणी, हे लिहिताना आता मलाच वाईट वाटतंय, आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ना ते मी दोन वर्षं बादलीत साठवून झाडांना घालतेय. पाणी फुकट जाऊ नये म्हणून. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी मिक्स असतं. शेजाऱ्यांकडं टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, तो आणून बघितला, नळाचं ५८० आणि आरओच्या वाया पाण्याचं ११०० च्या वर. आणि हो, कुंडीच्या काठावर आतून पांढरा खरखरीत थर आहे, नखानं खरवडला तर मिठासारखा निघाला. मला वाटायचं कुंडी जुनी झाली म्हणून तसं दिसतंय.

फुलं आईनं वेचून ठेवलेली होती त्यातली बारा उघडून बघितली, आईनं भिंग आणून दिलं. आठ फुलांत मध्ये काहीच नव्हतं. चारांत बारीक हिरवा ठिपका होता.

सुई खोडाजवळ दोन इंच गेली आणि अडली. जोर लावला तर करकर आवाज आला, वाळूवर घासल्यासारखा. कुंडीच्या कडेला मात्र पूर्ण आत जाते आणि बाहेर काढल्यावर ओली चिकट असते. ट्रेत कायम अर्धा इंच पाणी असतं आणि ट्रे उचलला तर गटारासारखा वास.

फोटो टाकलाय. जोडाच्या खालून एक सरळ फांदी आलीये, तिला काटे खूप मोठे आहेत आणि ती इतर फांद्यांपेक्षा उंच गेलीये, मी खूश होते की झाड जोमात आहे.

लिंबोणी_श्रीगोंदा (१६ मार्च)

ती फांदी आजच काढा. तो पाणसोट आहे आणि जोडाच्या खालून आलाय म्हणजे लिंबाचा नाहीच, ज्या झाडावर कलम बांधतात त्या खुंटाचा आहे, पान मोठं आणि फिकट दिसतंय त्यावरून जंभेरी (खुंटासाठी वापरतात ती लिंबाची रानटी जात) वाटतो. तुमच्या झाडाचं अन्न तो खातोय. सिकेटरनं वरवर कापू नका, परत फुटेल, अगदी खोडाला लागून साफ काढा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) नाहीतर हळद लावा.

आरओच्या पाण्याचं वाईट वाटून घेऊ नका, शहरात बरीच घरं तेच करतात. ते पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा. झाडाला साधं नळाचं घाला, एसीचं टपकणारं पाणी मिळालं तर सोनं आहे ते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात बादल्या भरून ठेवा.

आता माती धुवायची. झाड बाथरूममध्ये न्या, कुंडीत साध्या नळाचं पाणी हळूहळू सोडा, खालून निघून जाऊ द्या, परत सोडा. कुंडी जेवढ्या लिटरची त्याच्या दोन-तीन पट पाणी जायला हवं. त्याच्या आधी त्या हुंडीत सुईनं दहा-बारा भोकं पाडा, नाहीतर पाणी परत बाजूनीच जाईल. मुळं थोडी तुटली तरी चालेल.

कुंडी बदलणं आत्ता नको. मार्च-एप्रिलचं ऊन, त्यात पश्चिमेची बाल्कनी, मुळं हलवली तर झाड उभं राहणार नाही. जूनमध्ये दोन पाऊस झाले की करा.

कुंडीवाली (१७ मार्च)

माझं थोडं वेगळं मत आहे. ट्रेला गटारासारखा वास येतोय म्हणजे खालची मुळं सडायला लागलीत, तीन महिने थांबायचं म्हणजे तोपर्यंत डिंक्या होऊन झाड जायचं. माझं एक मोसंबीचं झाड असंच गेलं, मी जूनची वाट बघत बसले, खोडातून डिंक यायला लागला आणि मे महिन्यात वाळलं. मी तर म्हणेन संध्याकाळी कुंडी उपटून बघा, सडलेली मुळं काढा आणि आठवडाभर सावलीत ठेवा.

लिंबोणी_श्रीगोंदा (१७ मार्च)

कुंडीवाली ताई तुमचा मुद्दा बरोबर आहे, डिंक दिसत असता तर मीही थांबायला सांगितलं नसतं. सातवा मजला ताई, खोड जमिनीलगत नीट बघा, साल ओली, काळपट, चिकट आहे का? नसेल तर मधला मार्ग म्हणजे ट्रे काढून टाका, कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा खेळेल, आणि माती खोडापासून दोन बोटं खाली घ्या, जोड कधीच मातीत गाडलेला नको. सड बहुतेक पाणी साचण्यानंच होते, साचणं थांबलं की झाड वेळ देतं.

सातवा_मजला (१७ मार्च)

खोड कोरडं आहे, डिंक नाही. माती दोन इंच वर चढवलेली होती ती काढली, जोड आता मोकळा दिसतोय. ट्रे काढला तर खालच्यांचं काय करू हा प्रश्न आहे, त्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालतात.

कुंडीवाली (१७ मार्च)

ट्रे ठेवा पण त्यात विटा ठेवून त्यावर कुंडी, म्हणजे तळ पाण्यात बुडणार नाही. आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ट्रेतलं पाणी जुन्या स्पंजनं टिपून घ्यायचं. मी रोज करते, दोन मिनिटांचं काम आहे. आणि मोठी कुंडी घ्याल तेव्हा वजनाचा विचार करा, ओल्या मातीची २० इंची कुंडी दोन माणसांना उचलत नाही, ती रेलिंगच्या टोकाशी न ठेवता घराच्या भिंतीला लागून ठेवा. रेलिंगवर तर कधीच नको, सातव्या मजल्यावरून कुंडी खाली पडली तर काय होईल.

एडिसनकर (१८ मार्च)

न्यू जर्सीत असतो, इथं मेयर लेमन कुंडीत आहे पाच वर्षं. कुंडी चाकांच्या स्टँडवर ठेवलीये कारण ऑक्टोबरमध्ये रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं की आत घ्यावी लागते आणि मे मध्ये बाहेर. मलाही आधी पानं पिवळी होण्याचा त्रास झाला. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, पाण्यातून दिल्यावर नवीन पानं हिरवी आली, साध्या हिराकसानं (फेरस सल्फेट) काही झालं नव्हतं. ताई, माती धुतल्यावर पंधरा दिवसांनी ते देऊन बघा. चाकाचा स्टँड तर घ्याच, बाथरूमपर्यंत न्यायलाही सोपं.

सातवा_मजला (२२ मार्च)

स्टँड यायचा होता म्हणून थांबले नाही, गोणपाटावर कुंडी ठेवून मी आणि मुलानं ओढत बाथरूममध्ये नेली. पाणी सोडलं तर पहिलं जे खालून आलं ते चहासारखं तपकिरी आणि फेसाळ, सहा बादल्यांनंतर स्वच्छ यायला लागलं. पहिल्या आणि शेवटच्या पाण्याचा टीडीएस मोजला, पहिलं मीटरच्या २००० च्या पुढं गेलं, शेवटचं ६५०. पाणसोट काढला. आता झाड विटांवर आहे. पाणी रोज न घालता सुई खुपसून बघून घालते.

लिंबोणी_श्रीगोंदा (२२ मार्च)

छान केलंत. आता महिनाभर काहीही खत देऊ नका, थकलेल्या मुळांना जेवण नको. दुपारी दोन ते पाच ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, पश्चिमेचं ऊन आणि वरच्या मजल्याचा वारा दोन्ही मिळून पान सुकवतात. प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते, तिच्याभोवती गोणपाट गुंडाळा. एप्रिल-मे मध्ये फुलं आली तर बहुतेक तोडून टाका, आईंना समजवा, यावर्षी झाड सावरू दे.

सातवा_मजला (१९ जून)

काल कुंडी बदलली, २० इंची घेतली, खाली आठ भोकं पाडून. तुम्ही सांगितलेलं सगळं खरं निघालं. झाड बाहेर काढलं तर मध्ये नर्सरीच्या पिशवीच्या आकाराची काळी माती जशीच्या तशी, त्यावर पिशवीच्या घड्या उमटलेल्या दिसत होत्या. दोन वर्षांनंतर! मुळं त्या मातीभोवती गोल गोल फिरलेली, सुतळीच्या गुंडीसारखी. खालची थोडी काळी पडलेली, हाताला साल सुटून येत होती, आत नुसता दोरा. ती कापली. वरच्या बाजूला मात्र पांढरी नवीन मुळं होती, माती धुतल्यानंतरची असणार.

आईनं टबात पाणी घेऊन ती हुंडी बोटांनी हळूहळू मोकळी केली, तासभर बसली होती. मी म्हटलं पुरे आता, तर म्हणाली लेकराचे केस विंचरतात तसं करावं लागतं घाई करून चालत नाही.

माती अशी केली, चार घमेली लाल माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, एक कोकोपीट, एक विटांचे बारीक तुकडे, दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट जास्त झालं का?

लिंबोणी_श्रीगोंदा (१९ जून)

उत्तम आहे, कोकोपीट इतकंच असावं, पुण्याच्या पावसाळी हवेत जास्त झालं की आठवडा आठवडा वाळत नाही. तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) एका लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, आणि नवी पालवी आली की सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी, ग्रेड २ मागा, तो फवारणीचा असतो.

आणि एक ऐका, तुमच्या बाल्कनीला वर छत आहे हा मोठा फायदा आहे. लिंबाचे तीन बहार, म्हणजे फुलं येण्याचे हंगाम, आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. हस्ताची लिंबं उन्हाळ्यात येतात तेव्हा भाव असतो, पण हस्त धरायला झाडाला भर पावसाळ्यात पाण्याचा ताण द्यावा लागतो आणि पाऊस काही आमचं ऐकत नाही, म्हणून बागेत हस्त हाताला लागत नाही. तुमच्याकडं पाऊस कुंडीत पडतच नाही. ऑगस्टच्या शेवटी पाणी कमी करत न्या, पानं दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी परत उभी राहतील इतकंच, आठ दिवसांच्या वर नाही, कुंडीतलं झाड आहे. मग शेणखत देऊन भरपूर पाणी.

सातवा_मजला (३ ऑगस्ट)

घाबरून लिहितेय. पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसत होतं, पुसायला गेले तर हललं. अळ्या आहेत, आज दोन मोठ्या हिरव्यागार झाल्यात, हात लावला तर डोक्यातून लाल शिंगं काढतात आणि घाण वास येतो. अर्धी नवी पालवी खाल्ली. शेजारच्या कढीपत्त्यावर पण आहेत.

कुंडीवाली (३ ऑगस्ट)

लिंबावरचं फुलपाखरू आहे, काळं-पिवळं सुंदर असतं. औषध नको, हातानं वेचा. मी वेचून कढीपत्त्याच्या एका वेगळ्या कुंडीवर सोडते, ते झाड मी त्यांच्यासाठीच ठेवलंय. रोज सकाळी पानाच्या शेंड्यावर पिवळसर गोल अंडी दिसतात ती बघत जा.

सातवा_मजला (२६ ऑक्टोबर)

सगळ्यांना सांगायचं होतं. ताण दिला, सात दिवस, सातव्या दिवशी आईनं हट्टच धरला की बास झालं आता पाणी घाल. १८ सप्टेंबरला कळ्या दिसल्या. यावेळी फुलं कमी आली पण उघडून बघितली तर बहुतेकांत मध्ये हिरवी गाठ होती. निम्म्याहून जास्त गळली. आज मोजली, वाटाण्याएवढी सतरा आणि बोराएवढी चार आहेत. नवीन पानं काळपट हिरवी आहेत, चुरगळली तर वास हाताला दिवसभर राहतो.

आई अजून खाली पडलेलं वेचते, पण आता वाटीत ठेवत नाही, कुंडीतच टाकते. एक शेवटचं विचारायचंय, फळं धरलेली असताना खत चालू ठेवू का, आणि तोडायचं कधी हे कसं कळतं?

लिंबोणी_श्रीगोंदा (२६ ऑक्टोबर)

एकवीस धरलीत म्हणजे झाड सावरलं ताई, वाचून फार बरं वाटलं. खत चालू ठेवा पण एक ग्रॅमच, आणि पाणी आता अजिबात तोडू नका, एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी गच्च असं झालं की फळ तडकतं. यातली पाच-सहा अजून गळतील, ते गृहीत धरा. मार्चच्या आसपास साल पातळ आणि चकचकीत होईल, गडद हिरव्याचं फिकट होईल, तेव्हा तोडायचं. ओढून नको, देठ थोडा ठेवून कात्रीनं. पहिलं लिंबू आईंच्या हातानं तोडा.

सातवा_मजला (२६ ऑक्टोबर)

हो. तिनं एक आत्ताच बघून ठेवलंय, खालच्या फांदीवरचं, त्याला लाल दोरा बांधलाय.